हिरव्या बांगड्यांतली तांबडी

माझ्या अंगात नाटक जरा जास्तच. पेणच्या घरी दूधवाला आला तरी मी पडदा सारल्याच्या थाटात दार उघडायचो. अशा माणसाच्या पदरी देवाने जुळ्या मुली घातल्या, म्हणजे आयता खेळच हातात दिला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुली अडीच वर्षांच्या. दोघी इतक्या सारख्या, की लोकांना कळावं म्हणून बायकोने एकीच्या हातात हिरव्या आणि दुसरीच्या हातात तांबड्या प्लॅस्टिकच्या बांगड्या घातल्या होत्या. आळीत त्यांची खरी नावं कुणी घेतच नसे. एक हिरवी, एक तांबडी. बोलायचं खातं हिरवीकडे. भूक कुणालाही लागो, सांगायची तीच: "आमाला भूक." तांबडी नुसती मागे उभी. शेजारीण एकदा म्हणाली, "ही मुकी नाय ना गो?" त्या दिवशी बायको जेवली नाही.

आणि मग एका सकाळी बशीतला पापड हिरवीने दोघींच्या वतीने उचलला, तेव्हा तांबडीने स्वतःच्या छातीवर थाप मारली. "मी तांबली. मला!" बायको रडायलाच लागली. आमच्या त्या दोघींत पहिल्यांदाच कुणीतरी 'आमी' सोडून 'मी' म्हणालं होतं.

चारच दिवसांनी रोह्याला मेव्हण्याचा साखरपुडा होता. बायको आदल्या दिवशी माहेरी गेली. मुलींना घेऊन मी एसटीने निघालो. नागोठणं सुटलं आणि दोघी माझ्या मांडीवर झोपल्या. समोर दोन मनगटं, दोन रंग. मला राहवतंय थोडंच? बांगड्यांची अदलाबदल केली आणि सासूबाईंची कशी फजिती होईल, या कल्पनेने खिडकीकडे तोंड करून एकटाच हसत बसलो.

सासूबाई फसल्या. "ये गो माझे हिरवे," म्हणत त्यांनी तांबडीलाच उचललं, कारण बोलकी ती हिरवी. "सांग, गाडीतून काय काय बघितलंस?"

"मी तांबली."

"नाय गो, तू हिरवी. तांबडी ती बघ."

"मी तांबली!"

मेव्हण्याने तिचं मनगट धरून वर केलं. "मग हे काय हाय? बांगड्या खोटं बोलतात व्हय?"

पडवीतली पाहुणेमंडळी खो खो हसली. सगळ्यांत मोठ्यांदा मी. हिरवी नव्या रंगाच्या बांगड्या खुळखुळवण्यात दंग. तांबडीने आपल्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

इतक्यात बायको आतून आली. तिला बांगड्या बघायची गरजच नव्हती. तिने सरळ तांबडीपुढे हात पसरले. पण पोर जाईना. तिने बांगड्यांचा हात पाठीमागे, फ्रॉकच्या घडीत लपवला. तो दिसला तर आईसुद्धा हिरवी म्हणेल, ही भीती होती ती.

"अहो," एवढंच बायको म्हणाली.

मी सगळ्यांदेखत उकिडवा बसलो. बांगड्या काढल्या, जिच्या तिला घातल्या. "बाळा, तांबडी तूच. बाबांनी गंमत केली." तांबडीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मला ओलांडून ती बहिणीकडे वळली आणि विचारलं, "मी कोन?"

"तू तांबली," हिरवी म्हणाली.

तेव्हा कुठे तिने हात पुढे आणला.

पुढे कित्येक वर्षं हा किस्सा मी लग्नाच्या पंगतींत सांगितला. सासूबाई फसल्या, तिथे हशा घ्यायचा आणि थांबायचं. लपवलेल्या हाताचं कधी सांगितलं नाही. त्यानंतर दोन-अडीच महिने तांबडीने 'मी' म्हटलंच नाही, पुन्हा 'आमी'वर गेली, हेही नाही. आत्ता लिहितानासुद्धा कान तापले आहेत.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत रामवाडी दिसली, तसा मी म्हणालो, "चला, उठा. पेण आलं."

तांबडी जागची हलली नाही. तिने हिरवीकडे पाहिलं. हिरवीने बाकावर चढून खिडकीबाहेर नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "आलं."

मग ती उठली.