टबातली मांडी

रविवारी सकाळी दहा वाजता परसात हवा भरायचा टब बसवून झाला. दुकानातला तो सर्वांत स्वस्त होता. त्यात पाणी गरम करायची सोय नव्हती, म्हणून बंबातलं पाणी बादल्यांनी आणून ओतलं.

गुडघे धरल्यापासून आईला मांडी घालता येत नव्हती. चार वर्षं आम्ही सगळे जेवायला खाली बसायचो आणि ती एकटी खुर्चीवर. खुर्चीने माणूस उंच होतो, पण पंगतीतून उठतो.

"म्हशीसारखी डुंबणार का आता?" बाबांनी विचारलं.

"डुंबेन की. तुम्ही तोवर आमटीला फोडणी द्या," असं म्हणून आई साडीसकट उतरली.

पाणी छातीपर्यंत आलं. जमिनीवर गुडघ्यांना जे पेलावं लागतं, त्यातलं बरंचसं पाणी न बोलता स्वतःकडे घेतं. आईने उजवा पाय हाताने दुमडला. डावा आपोआप आला.

बाबा पळी घेऊन दारात उभे होते. "घातलीस?"

"घातली. बघताय काय, ताट इथंच आणा."

साडेअकराला टबावर आडवी फळी टाकून आई जेवली. बाबा आणि आम्ही दोघं भावंडं शेजारी फरशीवर बसलो होतो.