इम्प्रेस केलं म्हणून झालेली लढाई

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेहून गाडी निघाली तेव्हा तिच्यात चार माणसं आणि दशम्यांचा एक डबा होता. गाडी चालवणारा माझा मुलगा अविनाश, शेजारी मी, मागे सूनबाई शुभदा आणि दहा वर्षांची नात रेवा. पैकी दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हती. रेवाचं आणि दशम्यांचं छान चाललं होतं. न बोलणारे म्हणजे मी आणि अविनाश.

कारण आधीच सांगून टाकते. येत्या गुरुवारी अविनाश अमेरिकेचा नागरिक व्हायचा होता. कोर्टात उजवा हात वर करून शपथ घ्यायची, की झाला. पण हा शहाणा मला म्हणाला होता, "आई, तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही." मुलांनी असं करू नये. परस्पर उरकून टाकावं, आपण चार दिवस रुसावं, मग कुणीतरी चहा करावा आणि विषय संपावा. हा मला विचारत होता. मी म्हटलं, शपथेत काय म्हणायचं असतं? तो म्हणाला, "जुन्या देशाची निष्ठा मी सोडतो, असं."

"मग फारकत म्हण की सरळ," असं म्हणून मी कणीक मळायला घेतली. तेव्हापासून आमचं बोलणं चहा आणि औषधांपुरतं उरलं होतं. त्याला उत्तर हवं होतं आणि माझ्याजवळ नुसता फुगलेला चेहरा होता.

बाल्टिमोरला जायचा बेत रेवाचा. शाळेत तिथल्या किल्ल्याचा धडा झाला होता आणि तो आजीला दाखवायचाच होता. मलाही घरात बसवत नव्हतं. शिवाय समुद्र दिसणार होता. मी वेंगुर्ल्याची, पंधरा दिवस खारा वारा लागला नाही की माझी अळणी भाजी होते.

टर्नपाईक (टोल भरून जायचा मोठा रस्ता) लागला तसा माझा फुगा आपोआप उतरायला लागला. एका दिशेला सहा-सहा रांगा गाड्यांच्या, आणि एकही हॉर्न नाही. डेलावेअर नदीवरचा पूल आला तेव्हा तर मी पाय उचलून मांडी घातली. इतक्या उंचावरून खाली बोटी तांदळात पडलेल्या खड्यांएवढ्या दिसत होत्या.

"आजी, सीटबेल्ट," रेवा म्हणाली. मग मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून तिने धडा सुरू केला. "यू नो, हा फोर्ट एटीन ट्वेल्व्हच्या वॉरमधला आहे."

"अठराशे बारा? अगं, त्याच साली आमचं वेंगुर्लं इंग्रजांच्या घशात गेलं. सावंतवाडीच्या दरबाराने देऊन टाकलं."

"नो वे. सेम इयर?"

"सेम. आणि तुमची लढाई कुणाशी?"

"ब्रिटिशांशीच."

"पण त्यांना तर तुम्ही आधीच हाकललं होतं ना? मग परत कशाला भांडण?"

"बिकॉज ब्रिटिश नेव्हीने आपल्या सेलर्सना इम्प्रेस केलं. म्हणून वॉर झालं."

आता इम्प्रेस करणं म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. शुभदाच्या मैत्रिणी आल्या की आपसात बोलतात ना, "त्याने बॉसला एकदम इम्प्रेस केलं," तेच. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: पितळी बटणांचे कोट घातलेले गोरे नौदलवाले अमेरिकन जहाजावर चढतात, मिशा पिळतात, आणि तिथले साधेभोळे खलाशी एकदम भारावून त्यांच्यामागे चालू लागतात. एवढ्यावरून लढाई? पण म्हटलं असेल. बायकोवर कुणी छाप पाडली तर नवरे भांडतात, तसं खलाशांवरून देश भांडले असतील.

"फार देखणे होते का गं?" मी विचारलं.

"हू?"

"ते नेव्हीवाले."

शेजारी अविनाशचा चेहरा दिसला. त्याने हसू दाबायला ओठ चावले होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

बाल्टिमोरला पोहोचलो ते जेवायच्या वेळेला. बंदराजवळ एका खानावळीत टेबलावर ताटं नाहीत, पानं नाहीत, नुसता खाकी कागद पसरलेला. त्यावर वाढणाऱ्या पोरीने लाल मसाल्यात उकडलेल्या कुर्ल्यांचा (खेकड्यांचा) ढीग ओतला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक लाकडी हातोडा दिला. मला वाटलं, आता सुतारकामही करायचं की काय. शेजारच्या टेबलावरचे एक म्हातारबाबा ठाकठूक करत होते. टरफलं उडत होती, पोटात काहीच जात नव्हतं. मी हातोडा बाजूला ठेवला, पदर खोचला, नांगी दाढेखाली धरली, एक कट्ट आवाज, आणि आख्खं मांस बाहेर. म्हातारबाबा थांबून बघायला लागले.

"मॅम, तुम्ही बाल्टिमोरच्याच का?" त्यांनी विचारलं.

"नो. अनदर हार्बर," मी म्हणाले. माझ्या इंग्रजीला एवढं जमतं.

शुभदा मान खाली घालून हसत होती. "आई, तुम्ही त्यांना इम्प्रेस केलंत," ती म्हणाली. मी म्हटलं, बघा, आता ह्यांच्यावरूनही लढाई व्हायची.

किल्ला समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर आहे. आपल्या किल्ल्यांसारखा चढ नाही, बुरुजावर दम लागायला काही नाही. विटांची ठेंगणी भिंत, वरून बघितलं तर पाच पाकळ्यांची चांदणी, आजूबाजूला हिरवंगार गवत. तोफा पाण्याकडे तोंड करून बसलेल्या. आणि मधोमध काठीवर झेंडा. वारा असा की झेंड्याचा आवाज ऐकू येत होता, ओलं धोतर झटकल्यासारखा.

आमच्या घोळक्याला माहिती सांगायला रेंजर (सरकारी उद्यानाचा रखवालदार) म्हणून एक उंच, सावळी, पन्नाशीची बाई आली. डोक्यावर रुंद काठाची टोपी, आवाज मुख्याध्यापिकेचा. ती सांगायची आणि अविनाश माझ्या कानाशी मराठी करायचा. सक्तीने का होईना, आमचं बोलणं सुरू झालं.

अमेरिकेचं सुरुवातीचं राज्य म्हणजे नवीन संसारासारखं होतं, ती म्हणाली. पैसा नाही, आरमार नाही, घरातच दोन तट. तिकडे इंग्रज आणि फ्रेंच लढत होते आणि दोघेही ह्यांची व्यापारी जहाजं अडवत होते. त्यावर इथल्या सरकारने काय करावं? आपल्याच जहाजांना बंदराबाहेर जायला बंदी केली. इंग्रजांना माल मिळणार नाही म्हणजे ते वठणीवर येतील. इंग्रज काही आले नाहीत, ह्यांचेच धक्के ओस पडले.

"स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन," मी म्हणाले. अविनाशने ते इंग्रजीत सांगितलं, तशी रेंजरबाई टोपी सावरत म्हणाली की हे मी उद्यापासून वापरणार.

मग ती त्या शब्दावर आली. इम्प्रेस. मी कान टवकारले, मिशा पिळणारे आता येणार म्हणून.

अविनाश हळूच म्हणाला, "आई, सकाळपासून सांगणार होतो. हे इम्प्रेस वेगळं. ह्याचा अर्थ वेठीला धरणं. इंग्रज जहाजावर चढायचे, खलाशांना रांगेत उभं करायचे आणि हा आमचा, तो आमचा, म्हणून ओढून न्यायचे. जन्मभर आरमारात वेठ."

"आणि तू मला दिवसभर देखणे नेव्हीवाले बघू दिलेस?"

"तू खूश दिसत होतीस."

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्या आठवड्यातला तो आमचा पहिला धड संवाद.

पण खरी गोष्ट पुढेच होती. रेंजरबाई म्हणाली, ओढून नेलेल्यांत असेही होते जे जन्मले इंग्लंडात, पण इथे येऊन राहिले, संसार मांडला, इथले नागरिक झाले. ते सांगायचे, आम्ही आता अमेरिकन. इंग्रज म्हणायचे, छे. राजाच्या मुलखात जन्मलात ना? मग मरेपर्यंत राजाचे. माणसाला देश बदलता येतो, हे त्यांना मान्यच नव्हतं.

अविनाशने हे मराठीत सांगितलं आणि पुढचं वाक्य यायची वाट बघत पाण्याकडे तोंड फिरवलं. मी पण पाण्याकडेच बघत होते. कारण 'जन्मला आमचा तो कायमचा आमचा' हे वाक्य मी त्या कणकेच्या दिवशी स्वयंपाकघरात, लाटण्यासकट म्हटलं होतं.

आता गंमत बघा. मी कोण? बेचाळीस सालची क्रांतिकारक. सतरा वर्षांची, दोन वेण्या, डोक्यात आग. प्रभातफेरीसाठी झेंडा मी स्वतः शिवला होता. त्यावर चरखा काढायचा होता, त्याचं झालं सायकलीचं चाक, आणि केशरी पट्टा गेला खाली. असा झेंडा घेऊन मी गावच्या पोस्टासमोर "चले जाव" ओरडले. पोस्टमास्तर माझा सख्खा मामा. तो खिडकीतून म्हणाला, "तू आधी घरी जा गो, आवस पेज घेऊन वाट बघता." इंग्रजांनी माझं ऐकायला पाच वर्षं लावली, मी मामाचं तिथल्या तिथे ऐकलं. आईने केलेली पेज गरम होती. पुढे हीच मुलगी गावच्या शाळेत शिवणाच्या बाई झाली आणि पोरींना पट्टे सरळ लावा म्हणून छड्या दाखवू लागली. तर अशी मी, आणि साठीला आल्यावर कुणाच्या जहाजावर जाऊन बसले? इंग्लंडच्या राजाच्या.

रेंजरबाई सांगतच होती. कॅनडा सहज घेऊ म्हणून हे गेले आणि हात हलवत परत आले. इंग्रजांनी राजधानी जाळली. अध्यक्षांच्या घरी मेजवानीची पानं मांडलेली होती, तिथे ते आधी जेवले आणि मग घर पेटवलं. खाल्ल्या मिठाला जागणं हा प्रकार त्यांना कधीच समजला नाही, हे आम्हाला वेगळं सांगायला नको. मग ते ह्या किल्ल्यावर आले. रात्रभर पावसात गोळे पडत होते, आणि सकाळी बघतात तो झेंडा जागेवर.

तो झेंडा शहरातल्या एका विधवेने शिवला होता. एवढा मोठा, की घरात मावेना म्हणून दारूच्या भट्टीच्या जमिनीवर पसरला. हाताला मुलगी, भाच्या. "आणि करारावर बांधलेली एक काळी मुलगी," रेंजरबाई जरा थांबून म्हणाली. "ह्या लढाईत माणसाला देश निवडता यावा असं सगळे बोलत होते. आम्हा काळ्या लोकांना कुणी विचारलं नाही. आणि ज्यांची ही जमीन मुळात होती, त्यांची तर ह्या लढाईनंतर ती जातच राहिली."

लढाई संपली तेव्हा तहात खलाशांचं नावही नव्हतं. सगळं होतं तसं. रेवा म्हणाली, "सो कोणीच जिंकलं नाही." मी म्हटलं, घरातल्या भांडणांसारखं.

किल्ला बंद व्हायची वेळ झाली. झेंडा उतरवून घडी करायला रेंजरबाईला हात हवे होते. रेवाने आमचे दोघांचे हात धरून वर केले. झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही, अशी ताकीद मिळाली. हे मला नवीन नव्हतं. सासूबाईंचं सोवळं मी बारा वर्षं वाळत घातलं आहे. निळ्या बाजूची टोकं अविनाशच्या हातात, पट्ट्यांची माझ्या. उभी घडी झाली, कापड ताणून झालं, आणि माझे पाय आपोआप त्याच्याकडे निघाले.

हे आमचं जुनं. तो रेवाएवढा असताना अंगणात वाळलेल्या चादरींच्या घड्या आम्ही दोघं घालायचो. ताण द्यायचा, झटकायची, मी चालत जायचं आणि माझी टोकं त्याच्या बोटांत द्यायची. तशीच गेले. टोकाला टोक लावलं. त्याची बोटं चादरीच्या वेळी असायची तशीच उघडी होती, वाट बघत. मी त्याचा नवा देश त्याच्या हातात देऊन उभी होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. परत घेणं बरं दिसलं नसतं.

"नो, नो, मॅम," रेंजरबाई हसत धावत आली. "त्रिकोणी घडी." तिने झेंडा पुन्हा लांब केला आणि एक कोपरा दुमडून दाखवला. दुसरा दुमडल्यावर मी ओळखलं.

"अरे, हा तर गोविंद विडा."

मग काय विचारता. आयुष्यभर श्रावणात, लग्नात पानं दुमडलेली बोटं. पटापट विडा वळत निळ्यापर्यंत पोहोचले आणि शेवटचं टोक आत खोचलं. लवंग तेवढी लावायची राहिली.

परतीच्या वाटेवर अंधारून आलं. रेवा आणि शुभदा मागे झोपल्या होत्या. पुलावर दिवे लागले होते.

"अवी," मी म्हणाले, "गुरुवारी कुठला शर्ट घालणार आहेस?"

त्याने गाडीचा वेग जरा कमी केला. मग म्हणाला, "पांढरा."

"आदल्या रात्री काढून ठेव. इस्त्री मी करते. तुझ्या कॉलरला नीट घडी नसते."

एका हाताने त्याने डब्यातली उरलेली दशमी उचलली आणि अर्धी मला दिली.

मी वेंगुर्ल्याला परतले तेव्हा फणसाच्या सावलीत बसलेल्या शेजारणीने पहिलाच प्रश्न मुलाबद्दल टाकला. "झालो मा तुझो झील अमेरिकन? तू आडवलंस कशाक नाय?"

मी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या. म्हटलं, "अगो, अडवला असता. पण मी त्याला इम्प्रेस केलं नाही."

तिला वाटलं, म्हातारी तिकडे जाऊनही मुलावर छाप पाडू शकली नाही. तिने माझी कीव केली आणि मोठा पेला भरून चहा दिला. मी चहा घेतला, आणि तिचा समज तसाच राहू दिला.