कडुलिंबापर्यंतची टिकटिक

पहाटे आमच्या अंगणातून एक आवाज निघतो. फाटकाची कडी वाजते, तो नव्हे. तिच्या मागोमाग येणारा, सायकलच्या मागच्या चाकातला. टिकटिक, टिकटिक. बारीक, एकसारखा, कसलीही घाई नसलेला! साखर कारखान्याच्या चिमणीतून आलेला मळीचा आंबूसगोड वास थंडीने जमिनीलगत दबून राहिलेला असतो आणि त्या वासातून ती टिकटिक बोळाच्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत सावकाश जाते, मग थांबते. मी गोधडीत डोळे मिटून पडलेली असते. झोप कधीच उडालेली असते, पण झोपेचे सोंग मोठ्या निष्ठेने चाललेले असते. ती टिकटिक माझ्या नवऱ्याची आहे, आणि तुम्हाला म्हणून सांगते, मला तिचा हेवा वाटतो.

हेवा हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. कौतुक, अभिमान, आनंद हे सगळे सभ्य शब्द माझे वसाहतीतल्या बायकांसमोर वापरून झालेले आहेत. खरे तर हे वेड माझे. एकाच दिवसात आधी मैलोगणती पोहायचे, ओल्या अंगाने सायकलवर बसायचे आणि सायकल टाकून पुन्हा पळत सुटायचे, अशी ती लांब पल्ल्याची ट्रायथलॉन. चाळिशी उलटलेल्या, अंबडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईने हे खूळ डोक्यात घेतले तेव्हा कारखान्याची ही आमची वसाहत, अख्खे अंकुशनगर हसले होते. हेही हसले होते. मग उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर बायकोने एकटीने सायकल घालू नये, एवढ्या एका काळजीपोटी हे सोबतीला येऊ लागले. सोबतीला! सोबतीला आलेल्या माणसाने पुढे निघून जावे, याला काय म्हणावे?

पहिल्यांदा ते कळले वाटूर फाट्यावर. तिथे रफिकचाचांच्या हॉटेलात चहा घ्यायचा आणि माघारी फिरायचे, हा आमचा रविवारचा शिरस्ता. सुरुवातीला माझा चहा संपत आला की हे धापा टाकत पोचायचे आणि मी औदार्याने त्यांच्यासाठी दुसरा सांगायची. त्या औदार्यात केवढे सुख होते! पुढे आम्ही बरोबरीने पोचू लागलो. मग एका रविवारी मी फाट्यावर उतरले, तर बाकावर यांचा रिकामा ग्लास आणि शेजारी हे, घाम वाळलेले. रफिकचाचा मोठ्या मायेने म्हणाले, "आव भाभी, बैठो. साब तो कबके आके बैठे." त्यांच्या बोलण्यात खोट बिलकुल नव्हती. तो चहा मला मात्र कडू लागला, आणि साखर तर बराबर होती.

परक्याचा हेवा करणे किती सोपे असते! कोण कुठला, पेपरात फोटो येतो, आपण पान उलटतो. पण ज्याला आपण शिकवले त्याचा हेवा रोज आपल्याच ताटाशेजारी जेवायला बसतो. यांची भूक वाढली, तिचा मला हेवा वाटू लागला. अंथरुणाला पाठ टेकताच लागणाऱ्या त्यांच्या झोपेचा, दोरीवर वाळत घातलेल्या बनियनवरच्या मिठाच्या पांढऱ्या रेघांचा, इतकेच काय, त्यांच्या पायातल्या गोळ्याचासुद्धा हेवा वाटला. कारण गोळा यायला आधी पळावे लागते. पूर्वी वसाहतीत "मॅडम पळतेत" असे म्हणत, आता लोक मला थांबवून विचारतात, "साहेब आज किती पळाले?"

आणि माझे पळणे? ते कधी थांबले हे मलाही नीट सांगता येणार नाही. एके दिवशी गुडघा दुखला. गुडघा बरा झाला तर उत्तरपत्रिका आल्या. उत्तरपत्रिका संपल्या तर पाहुणे आले आणि पाहुणे गेले तेव्हा थंडी आली. कारणांना काय तोटा! इच्छा मरते तेव्हा तिचा आवाज होत नाही. फक्त खाटेखालचे बूट आणखी आत सरकतात आणि केरसुणी त्यांना वळसा घालून जाऊ लागते. दोघांची नावे शर्यतीला दिलेली होती. ती अजून पुष्कळ लांब होती, पण मी मनातल्या मनात माझे नाव कधीच खोडून टाकले होते. प्रश्न उरला होता तो फक्त यांना सांगण्याचा. तलावावर जाऊ त्या रविवारी काठावरच सांगून टाकू, "मला आता हे नको. तुम्ही एकटेच जा," असे मी वाक्यासकट ठरवले होते.

तलावाचे सांगण्याआधी विहिरीचे सांगायला हवे. माझे माहेर पिंपळगाव रेणुकाईचे. शेतातल्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून आत्याने मला पोहायला शिकवले. विहिरीच्या कडेला आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या पाण्याच्या देवता, म्हणून तिथे पोहायचे ते प्रदक्षिणेसारखे. भिंत डाव्या हाताला ठेवून, उजवीकडे वळत, गोल गोल. शिवाय सगळे एकाच दिशेने फिरले म्हणजे कोणी कोणावर आदळत नाही. याच विहिरीत मी यांना शिकवले. हे जालन्याच्या बाजारपेठेत वाढलेले, बादलीपलीकडे पाणी न पाहिलेले. यांच्या पाठीला मी प्लास्टिकचा डबा बांधला आणि विहिरीच्या काठच्या दगडी थारोळ्यावर उभी राहून आत्या ओरडत होती, "अवं जावईबापू, उजवं घ्या, उजवं! देवाला उलटं फिरतेत का कुठं?" हे घाबरून उजवे घेत होते आणि मी पायरीवर बसून पोट धरून हसत होते.

तर त्या रविवारी आम्ही तलावावर गेलो. अथांग, सपाट, कुठेही भिंत नसलेले पाणी! पलीकडच्या काठावर एक एकटी बाभूळ होती. तिच्याकडे नेम धरून जायचे ठरले. माझे वाक्य ओठांवर आले होते, पण तेवढ्यात यांनी पाण्यात दुरून दिसावा म्हणून कमरेला केशरी फुगा बांधला आणि पाण्यात झेपही घेतली. मी काठावर बसून पाहत राहिले. काय ते हात! काय तो दम! आणि मग हळूहळू माझ्या ध्यानात आले की तो फुगा बाभळीकडे चाललेलाच नाही. तो उजवीकडे झुकत होता. आणखी उजवीकडे. मोठ्या डौलात, जोरकस, एक भलेथोरले वर्तुळ काढत हे आमच्याच काठाला जिथे म्हशी डुंबत होत्या तिथे जाऊन लागले.

खोटे कशाला बोलू? मला गारगार वाटले. कित्येक आठवड्यांत वाटले नव्हते इतके.

हे काठाकाठाने चालत आले, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाले, "सरळच जाऊन राह्यलो म्हनलं मी, अन् निघालो म्हशीत! मला न्हाई जमत हे. तू चाल पुढं, मी तुझ्या मागं येतो."

पुढे चाल! हे शब्द कानावर पडून किती दिवस झाले होते! माझे ठरवलेले वाक्य कुठल्या कुठे गेले. मी पाण्यात शिरले ती केवळ दाखवून द्यायला. पाणी बर्फासारखे होते, हात जड झाले होते, पण अंगात एक जुनी, ओळखीची ऊब पसरत गेली. मी जोर लावला, मन लावले, मागे पाहिले नाही. बाभूळ आता आलीच असेल म्हणून मान वर काढली, तर समोर म्हशीची शिंगे. म्हशीवाले आजोबा तंबाखू मळता मळता म्हणाले, "बाई, तुम्ही बी हिकडंच? आत्ताच एक जण आल्ता."

पाठोपाठ हेही तिथेच येऊन लागले. आम्ही दोघे म्हशींच्या मध्ये कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हसलो. हसता हसता माझ्या मनात आले, हा माणूस माझ्यापुढे गेला खरा, पण पोहतो आहे माझेच पोहणे! माझी विहीर, माझी भिंत, माझी आत्या, माझे वाकडे वळणसुद्धा यांच्या हातात उतरले आहे. आपलीच वस्तू दुसऱ्याच्या अंगावर पाहून कोणी इतके जळावे का? जळणे त्याने थांबले नाही. पण "तुम्ही एकटेच जा" हे मात्र मला त्या दिवशी म्हणता आले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे न्हाणीघरात असताना मी खाटेखालून बूट ओढून काढले. कडी हळूच काढली, सायकल उचलून फाटकाबाहेर आले, टांग टाकली आणि पायडल मारत निघाले. वास तोच, थंडी तीच. पण टिकटिक नव्हती! बोळभर नुसती शांतता. कडुलिंबाजवळ आले, पाय थांबवले, आणि ती सुरू झाली.

टिकटिक तर पाय थांबल्यावर होते. किंवा सायकल हातात धरून चालत नेली, तर होते. वर्षानुवर्षे सायकल चालवणाऱ्या मला हे ठाऊक नव्हते थोडेच? पण गोधडीत तोंड खुपसून ऐकताना ते कधी सुचले नाही. टांग टाकून हे भुर्रकन निघून जातात आणि ती टिकटिक मला खिजवते, असेच मी धरून चालले होते. म्हणजे रोज पहाटे हे फाटकापासून इथपर्यंत सायकल हातात धरून चालत येत होते! न हाक मारता, न बोलावता, मी उठतेय का, मागून येतेय का हे पाहत. आणि मी आत पडल्या पडल्या तिच्यावर जळत होते.

मी उतरून कडुलिंबाखाली उभी राहिले. डोळे भरून आले, हे खरे. आणि त्याच भरल्या डोळ्यांनी नवा हेवा वाटला, हेही खरे. पळणे, पोहणे मी या माणसाला शिकवले. इतके दिवस न बोलता वाट पाहायला याला कोणी शिकवले? ते माझ्याकडे नव्हते. ते मला या जन्मी जमेल असेही वाटत नाही.

फाटकाची कडी वाजली. बोळातून टिकटिक येऊ लागली. नेहमीसारखीच सावकाश, मागे वळून घराकडे पाहत येणाऱ्या माणसाची. मी त्यांना दिसेपर्यंत उभी राहिले. अंधुक उजेडात यांची पावले मंदावली, मी दिसले असावे. मग मी टांग टाकली, वाटूरच्या रस्त्याला सायकल लावली आणि जीव खाऊन पायडल मारू लागले. रविवार नसला तरी आज पहिला चहा मला हवा होता.

मागे यांनीही टांग टाकली आणि टिकटिक थांबली.