पंच्याखालचे दोन हात

आधी माफी मागतो. अण्णा मुजुमदारांवर लिहिण्याचा खरा अधिकार माझा नाही. देवासात त्यांच्याकडे टायपिंग शिकून कोर्टात, तहसिलीत, बँकेत लागलेली कितीतरी माणसं आहेत, त्यांनी लिहायला हवं. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. शिवाय माझं शिक्षण हिंदी शाळेतलं. घरी आम्ही मराठी बोलतो, पण त्यात हिंदी किती आणि माळवी किती, हे मलाच नीट सांगता येणार नाही. मराठी वाचायलासुद्धा मी अण्णांमुळेच शिकलो. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

काकूंचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा, फोन आला तेव्हा मी धारला घरी होतो. "गणेश, अण्णा गेले रे. चहा घेतला, पेपर मागितला, मी आणायला उठले, तेवढ्यात…" माझे वडील बसच्या सीटांची कव्हरं शिवतात. त्यांनी मशीन थांबवलं आणि काही न विचारता शर्ट घातला. देवासपर्यंत बसमध्ये ते एकच वाक्य बोलले. "त्यांच्या बारा मशीनना कपडे मी शिवले होते."

माझी आणि अण्णांची ओळखही या कपड्यांमुळेच. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. कॉम्प्युटरच्या शिक्षणासाठी देवासला निघालो तेव्हा कुणाला भेटायचं, काय विचारायचं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. वडिलांना देवासात एकच शिकलेला माणूस माहीत होता, ज्यांच्या टाइपरायटरांना त्यांनी रेक्झिनची कव्हरं शिवली होती ते. पत्ता विचारत गेलो. दारात जाड चष्म्याचे, खांद्यावर पंचा टाकलेले अण्णा उभे होते. मी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. ते आत वळून ओरडले, "अहो ऐकलंत का, आपल्या मशीनच्या शिंप्याचा मुलगा आला आहे! कॉम्प्युटर शिकतो म्हणे." आतून काकू म्हणाल्या, "मग त्यास उभा काय ठेवलात? बसवा."

पहिल्याच दिवशी मी माझं दुखणं सांगितलं. माझा लॅपटॉप जुना, कुणीतरी वापरून दिलेला. वर्गात सगळे प्रोग्राम लिहायला जो रंगीबेरंगी एडिटर वापरायचे, तो माझ्याकडे उघडला की पंखा घरघरायचा आणि अक्षर दाबल्यावर ते पडद्यावर यायला इतका वेळ लागायचा की मी तोवर पुढची चूक केलेली असायची. मला वाटायचं, मलाच जमत नाही. अण्णांनी सगळं ऐकलं आणि आतल्या खोलीत नेलं. टाइपरायटर विकले गेले होते, त्यांच्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर होता. त्यावर लिनक्स ही फुकटची प्रणाली त्यांनी स्वतः चढवली होती, वयाच्या सत्तरीत, पुस्तक मांडीवर ठेवून. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माऊस नव्हताच. "उंदीर घरात नको," म्हणाले, "काकू घाबरतात."

"एडिटर निवडायचा म्हणजे मशीन निवडण्यासारखंच आहे," ते म्हणाले. "दिसायला कसं आहे ते सोड. पंचा टाकून चालतं का, ते बघ." त्यांच्या क्लासात शिकणाऱ्याच्या हातांवर पंचा टाकायची पद्धत होती. बोटं दिसली नाहीत की नजर कागदावरच राहते आणि बोटं आपली जागा आपण शोधतात. तोच पंचा आता कीबोर्डवर आला होता. एकेक फुकटचा एडिटर उतरवायचा, आठ दिवस पंच्याखाली चालवायचा आणि वहीत निकाल लिहायचा, असा त्यांचा क्रम. ती वही मराठीत होती. मला वाचता येईना, तर म्हणाले, "हळूहळू वाच. गाडी काही सुटत नाही." अक्षर टाइप केल्यासारखं सरळ. मी त्या वहीवरच मराठी वाचायला शिकलो… माझी पहिली मराठी वाक्यं एडिटरांच्या तक्रारींची होती.

ईमॅक्स नावाच्या एडिटरविषयी लिहिलं होतं, 'विद्वान आहे. परंतु करंगळीवर फार भार टाकतो. सहाव्या दिवशी करंगळी सुजली. नापास.' नॅनोविषयी, 'स्वभाव गरीब. परंतु कोणत्या किल्लीने काय होते, याची यादी पडद्याच्या तळाशी मांडून बसतो. ही नकलेची चिठ्ठी झाली. परीक्षेत चिठ्ठी चालत नाही. नापास.' आणि व्हिमविषयी एकच ओळ, 'हात जागेवरून हलत नाही. पास.'

व्हिम मला काही केल्या जमेना. त्यात लिहिण्याची वेळ वेगळी आणि हुकूम देण्याची वेळ वेगळी. मी लिहायला जायचो आणि ते हुकूम समजून अर्धं पान खाऊन टाकायचं. एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, फुकट आहे म्हणून असं आहे का?" अण्णा इतके हसले की चष्मा काढावा लागला. "अरे भिया, टेकडीवरच्या मातेचं दर्शनही फुकटच आहे. पायऱ्या मात्र आपण चढायच्या."

त्यांचीही एक खोड होती. जन्मभर टाइपरायटर चालवल्यामुळे ओळ संपली की डावा हात आपोआप उठायचा, मशीनची दांडी ढकलायला. दांडी तिथे नसायची, चहाचा ग्लास असायचा. असे तीन कीबोर्ड चहात गेले. तेव्हापासून काकू ग्लास नेहमी उजवीकडे ठेवत. मोठ्यानं म्हणत, "ह्यांची ओळ संपते आणि माझी पुसायची सुरुवात होते." अण्णा पडद्यावरून नजर न काढता उत्तर देत, "सराव सुटत नाही हो."

आणखी एक गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवली. वरच्या बाणाची किल्ली दाबली की आपण आधी दिलेले हुकूम एकामागून एक परत पडद्यावर येतात. त्यांना याचं फार कौतुक. "मशीन काही विसरत नाही. टाइपरायटरची रिबन वाचून मी पोरांच्या चोऱ्या पकडायचो, तसंच आहे हे."

वर्षभरात मी पंच्याखाली व्हिम चालवू लागलो. फार वेगानं नाही, पण चालवू लागलो. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून दाखवायचे. दूधवाल्यालासुद्धा. "ये देखो, बिना देखे! धारचा आहे. वडील शिवतात, हा लिहितो, हात दोघांचे सरळ." मला लाज वाटायची आणि फार बरंही वाटायचं.

मग एका कंपनीची परीक्षा आमच्या कॉलेजात झाली. दूरच्या एका मशीनवर काळ्या पडद्यातून शिरायचं, बिघडलेला प्रोग्राम तासाभरात दुरुस्त करायचा. आमच्या घरासाठी ही परीक्षा काय होती, ते सांगायची गरज नाही. मी व्हिम उघडलं. लिहायची वेळ आहे की हुकमाची, हेच कळेना. तीन ओळी गेल्या, त्या आणायला गेलो तर आणखी सहा गेल्या. पर्यवेक्षक मागून फिरत होते. मी फाइल सेव्ह न करता बाहेर पडलो, डोळे मिटले… आणि नॅनो उघडलं. तळाशी ती चिठ्ठी होतीच. ती बघत बघत, पाटीवर गिरवावं तसं, मी प्रोग्राम दुरुस्त केला.

निवड झाली. वडिलांनंतर दुसरा फोन अण्णांना केला. ते म्हणाले, "हात कुठे होते?"

"जागेवर, अण्णा."

"आणि एडिटर?"

"तोच."

संध्याकाळी गेलो तर पेढे तयार होते. अण्णा गल्लीला सांगत होते, "व्हिममध्ये केला पेपर! पंच्यावर वाढलेला मुलगा आहे." मी पेढा तसाच खिशात टाकला. सांगायचं रोज ठरवायचो. रोज जायचो आणि न सांगता परत यायचो. शिवाय व्हिमवरून मन उडालं होतं. अण्णा आंघोळीला गेले की मी त्यांच्याच मशीनवर नॅनो उघडायचो आणि न्हाणीघराची कडी वाजली की बंद करायचो. पुढे कॉलेजला सुट्टी लागली, मी धारला आलो. मनाशी म्हटलं, परत गेल्यावर नक्की. त्याच सुट्टीत काकूंचा तो फोन आला.

तेराव्यानंतर काही आठवड्यांनी काकूंनी बोलावलं. "ते यंत्र चालू करून बघ रे. त्यात काही महत्त्वाचं असेल तर काढून ठेव." खोली तशीच होती. पंचा धुऊन, घडी करून कीबोर्डवर ठेवलेला. काकूंनी चहा आणला आणि ग्लास उजवीकडे ठेवला. आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

काळा पडदा आला. अण्णा शेवटी काय लिहीत होते ते बघावं म्हणून वरचा बाण दाबला. नॅनो. पुन्हा दाबला. नॅनो. पाच-सहा वेळा दाबला, प्रत्येक वेळी नॅनो आणि तेच एक फाइलचं नाव, 'गणेश-पाठ'. आधी वाटलं, हे माझेच चोरून दिलेले हुकूम. पण त्या नावाची फाइल मी कधी केली नव्हती.

उघडली. त्या पडद्यावर मराठीच्या वेलांट्या आणि मात्रा अक्षरांपासून सुटून जातात, त्यामुळे वाचायला वेळ लागला. काकू म्हणाल्या, "मोठ्यानं वाच, मलाही ऐकू दे." मी एकेक शब्द जोडत वाचलं:

'चि. गणेश यास. आंघोळीच्या वेळात तू नॅनो चालवतोस, हे मशीनकडून समजले. पेपरही त्यातच दिला असणार. सांगण्यास संकोचतोस, म्हणून मीही विचारीत नाही. मी आठ दिवस पुन्हा पंचा टाकून पाहिले. ऑल्ट व एक्स एकत्र दाबल्यास तळाची चिठ्ठी नाहीशी होते, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. निकाल बदलला आहे. नॅनो पास. पाठ पहिला खाली देत आहे. पंचा मात्र सोडू नये.'