न ताणलेल्या पट्टीवरच्या सुरकुत्या

शाइस्ता माझी कॉलेजातली जुनी विद्यार्थिनी. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान असलेल्या युसूफभाईंची मुलगी. लोक म्हणतात, कोणी दुखावलं तर फार मनात ठेवते. ठेवतेच, आणि बरं करते. ज्यांना खटकतं त्यांनी पुढे वाचू नये.

इथल्याच एका संशोधन संस्थेत ती पीएच.डी. करते. विषय ग्राफीन. म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, याहून पातळ पापुद्रा सोलताच येणार नाही. तो तांब्याच्या पत्र्यावर वाढवतात. मग तांबं रसायनात विरघळवलं की पापुद्रा पाण्यावर तरंगतो. त्याच्याखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून तो अलगद उचलायचा. भल्याभल्यांच्या हातून फाटतो. शाइस्ताच्या नाही. उचललेली पट्टी ती भिंतीला टेकवून टोकावर उभी ठेवायची, पाणी निथळायला.

तिचे मार्गदर्शक दिगंबर सर. त्यांचा बेत असा, की ती पट्टी लांबीच्या दिशेने ताणायची, ती रुंदीत आक्रसून पापुद्र्यावर लांबीत सुरकुत्या उठतील, त्यांच्यातलं अंतर मोजायचं आणि त्यावरून पापुद्रा किती ताठ ते काढायचं. कल्पना वाईट नव्हती.

शाइस्ता म्हणाली, "सर, ताणायच्या आधीचाही एक फोटो घेऊ या."

"आपण पापुद्रे उचला. विचार करायला मी आहे."

शोधनिबंध छापून आला. नमुने सगळे हिचे आणि लेखकांत हिचं नाव नाही. विचारायला गेली तर सर हसले. "अगं, नुसत्या उचलाउचलीला कोणी लेखक म्हणतं का?"

त्यानंतर ताणण्याआधीचे फोटो तिने स्वतःच काढले आणि माझ्याकडे आली. रडणंबिडणं नाही. खुर्ची ओढून बसली.

"बाई, त्या सुरकुत्या ताणाच्या नाहीतच. पाणी ज्या वाटेने निथळतं त्या वाटेने पडतात. मी पट्टी टोकावर उभी करते, म्हणून लांबीत पडतात. सर ताणतात तेही लांबीतच."

"म्हणजे त्या आधीपासूनच होत्या, आणि त्यांना वाटलं आपण पाडल्या?"

"हो ना."

"सांगितलंस त्यांना?"

"विचार करायला ते आहेत ना!"

मी तिच्यापुढे खारीची बशी सरकवली. क्षमेवर प्रवचन द्यायला मला कधी जमलेलं नाही, आणि त्या दिवशी तर इच्छाही नव्हती.

तिने वाट पाहिली. संस्थेत परिसंवाद भरला, बाहेरगावचे तज्ज्ञ आले, सरांचं व्याख्यान टाळ्या घेऊन संपलं. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसले होते. प्रश्नोत्तरात शाइस्ता उठली.

"सर, दोन फोटो दाखवते. ही पट्टी टोकावर उभी करून वाळवली, ही आडवी, लांब कडेवर. ताणलेली एकही नाही."

पडद्यावर पहिल्या पट्टीवर सुरकुत्या लांबीत, दुसरीवर रुंदीत. स्वच्छ. एक पाहुणे म्हणाले, "आपले ताणण्याआधीचे फोटो बघू या का?" सर लॅपटॉपमध्ये शोधत राहिले. जे काढलेच नव्हते ते सापडणार कुठून? खोटं कशाला बोलू, तो शोध मी चवीने पाहिला.

पुढच्या आठवड्यात सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाजात साखर.

"शाइस्ता, तुझ्यावर जरा अन्यायच झाला. निबंधात दुरुस्ती पाठवतोय, त्यात तुझं नाव घालू. फक्त एक वाक्य राहील, की नमुने वाळवताना तुझ्याकडून चूक झाली."

शाबासकीच्या वेळी जागा नव्हती, आता शिक्षेच्या वेळी पहिली ओळ मोकळी!

ती म्हणाली, "वाळवण्यात चूक नव्हती, सर. बघण्यात होती. आणि बघायला मी नव्हते. तसं निबंधावरच छापलंय."

नावाशिवाय खापर फुटेना, आणि नाव तर त्यांनीच काढलेलं. निबंध मागे घ्यावा लागला. शाइस्तालाही हे फुकट पडलं नाही. मार्गदर्शक बदलावा लागला, प्रबंधाचा अर्धा भाग नव्याने करावा लागला. पण निथळत्या पाण्याने पडणाऱ्या सुरकुत्यांवर तिचा स्वतःचा निबंध आला आहे, आणि पहिलं नाव तिचं आहे.

तिची आई अख्तरबानू म्हणते, "झालं ना मनासारखं? आता सोडून दे, बेटा."

दिगंबर सर हल्ली जिन्यात दिसले की आधी तेच नमस्कार करतात. शाइस्ता बघते आणि पुढे जाते. परवा मी विचारलं, "कधीपर्यंत?"

"बघू," म्हणाली. "ते अजून वाकून करत नाहीत."