पंधरा दिवसांचं मोहोळ

कोणी घाईनं आलं की मामा स्टुलावरून न उठता तळहात पुढे करायचे. "दमानं. साहेब काही पळून न्हाई चालले." आमच्या कृषी कार्यालयाचे ते शिपाई. तुमच्याही कचेरीच्या दाराशी असा एखादा मामा तुम्ही पाहिला असेल. साहेब कोण होते ते आपण विसरतो, तो लक्षात राहतो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कार्यालय भाड्याच्या दुमजली इमारतीत होतं, उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे अजून येतच होते, आणि मी टंकलेखिका म्हणून नवीन लागले होते. त्या वर्षी पावसानं दगा दिला. ज्वारी हातभर होऊन वाळली. गावाबाहेर तग धरून होत्या त्या फक्त कलमी बोरी.

त्याच सुमारास वरच्या खिडकीबाहेर आग्यामोहोळ लागलं. परातीएवढं. साहेब म्हणाले, "संध्याकाळी जाळून टाका."

मामा पहिल्यांदाच न बोलावता आत गेले. "साहेब, पंधरा दिवस थांबा. बोरी फुलून राहिल्यात. माशी बसली न्हाई तर फूल नुसतं गळतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"आमच्या गावात वडावरचं मोहोळ जाळलं होतं. त्या साली बोरीला फूल लई, बोर न्हाई. माझी बायको आता इथल्या बोरींवर तोडणीला जाते."

"मग मी ऑफिस चालवू की माश्या पाळू?"

"पाळायचं काय, साहेब. शेतीचंच काम करून राहिल्यात त्या."

कारकून माना खाली घालून हसले. साहेबांनी होकार दिला नाही आणि नकारही. मामांनी ती खिडकी सुतळीनं बांधून टाकली.

आठव्या दिवशी तपासणीला वरिष्ठ आले. उकडत होतं. त्यांनी सुतळी सोडून खिडकी ढकलली, ती थेट पोळ्याला लागली. मामांनी टेबलावरचं कापड ओढून त्यांच्या अंगावर टाकलं आणि स्वतः जाऊन खिडकी लावली. वरिष्ठांना दोन माश्या चावल्या. मामांचं तोंड इतकं सुजलं की डोळे दिसेनात.

"खिडकी कोणी उघडली?" गलका ऐकून आत आलेल्या साहेबांनी विचारलं.

मी पाहिलं होतं. वरिष्ठ गप्प राहिले. मीही.

"बांधायची राहिली माझ्याकडून," सुजल्या ओठांनी मामा म्हणाले. "मला काय करायचं ते करा. मोहोळ तेवढं राहू द्या."

मोहोळ राहिलं. मामांना मेमो मिळाला आणि पाठोपाठ बदली, पार नांदेडपलीकडे इस्लापूरला. दोन्ही कागद मीच टाइप केले. बोरींचा फुलोरा ओसरला तशा माश्या एका सकाळी आपणहून उडून गेल्या. मामांच्या जागी माणूस यायला मात्र थंडी उजाडली, तोवर मामा इथंच होते.

जायच्या दिवशी त्यांनी बोरांची पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवली. "जरा आंबट हायत. मीठ लावून खा."

"मामा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"तुमची नोकरी कच्ची होती, बाई. मला ठावं हाय." मग त्यांनी विचारलं, "इस्लापूरला बोरी हायत का हो?"

"माहीत नाही. जंगल आहे म्हणतात."

"मग माश्या असतील."

मी फाटकापर्यंत गेले. तिथं त्यांची बायको पत्र्याची पेटी घेऊन उभी होती. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बोरीच्या काट्यांचे ताजे ओरखडे होते. मामांनी तिच्या हातातली पेटी घेतली आणि दोघं स्टँडच्या दिशेनं चालू लागले.