सुयांवर टोपी

देवीशी मी तीन महिने बोलत नव्हते. दिवा रोज लावायचे, कारण हाताला सवय, पण तोंडातून शब्द नाही. जन्मभर गडावरच्या देवीला नारळ फोडले, नवरात्रात उपास धरले, आणि तिने काय केलं, तर आमच्या मालकांच्या डोक्यातून नेमकी मलाच पुसून टाकली.

त्यांना लकव्याचा झटका आला होता. ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर होते, अंग कामाचं, त्यामुळे हातपाय लवकर सावरले. डोकं मात्र सावरेना. जेवलेलं विसरायचे, सदऱ्याची बटणं वरखाली लावायचे. तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण सून ओळखू यायची, शेजारचं कुत्रं ओळखू यायचं, मी नाही. मी म्हणजे दवाखान्याने पाठवलेली बाई, असं त्यांनी ठरवून टाकलं. सगळ्या संसारात ज्या माणसाने मला अगंतुगंशिवाय हाक मारली नाही, तो 'बाई, तुम्ही जेवलात का?' असं विचारू लागला. खोटं कशाला बोलू, पहिले चार दिवस बरं वाटलं.

मग ते माझ्यापाशी माझीच गाऱ्हाणी सांगू लागले. बायको चहात साखर टाकताना हात आखडते. तोंडाने फटकळ आहे. सटाण्याची आहे, कांद्याबरोबर माणसालाही चिरते. मी भाकरी थापत ऐकायचे. एका संध्याकाळी म्हणाले, "बाई, तुम्ही निघा आता. घरी वाट बघत असतील. आमची ही येईलच इतक्यात." आणि दाराकडे तोंड करून बसले. मी मोरीत जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

सुनेने मला न विचारता देवीला नवस बोलला होता, म्हणून तिच्याबरोबर गडावर गेले. ओटी भरली, हात जोडले नाहीत. देवीची मान एका बाजूला कललेली आहे, कुणाचं ऐकत असल्यासारखी. मनात म्हटलं, ऐकायचं तर ऐक, मी काही मागणार नाही. आणि तिथेच मागितलं. नुसतं मागितलं नाही, बजावलं. यांनी मला ओळखलं पाहिजे, आणि ओळखल्यावर दोन शब्द गोड बोलले पाहिजेत.

परतीच्या एसटीत सुनेला पुढे जागा मिळाली, मला मागे. शेजारी एक बाई भेळ खात बसली होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं आणि मी कधी नाही ते सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, तिच्या थोरल्या दिरांचं असंच झालं होतं, औषधांच्या जोडीला त्यांनी डोक्यात ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतल्या, आता पत्त्यांत तिला हरवतात. पंचवटीतल्या डॉक्टरणीचा पत्ता तिने दोनदा म्हणून घेतला माझ्याकडून आणि दिंडोरीला उतरून गेली. नाव विचारायचं राहिलं. सून म्हणते, ती देवीच होती. असेल. पण देवी भेळेचा कागद खिडकीतून बाहेर टाकेल असं मला वाटत नाही.

डॉक्टरीण नातीच्या वयाची निघाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर तिने आधी मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावली. मग म्हणाली, "आजी, हमी देत नाही. गोळ्या आणि व्यायाम सोडायचा नाही. सुया त्याच्या जोडीला." मला तिचं हे बोलणं आवडलं. केसासारख्या बारीक सुया तिने मालकांच्या टकलावर लावल्या. मालक मला हळूच म्हणाले, "बाई, ही मला शिवायला बसली की काय?"

सहाव्या खेपेची गोष्ट. सुया लावून डॉक्टरीण पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेली. दवाखान्याला लागून मारुतीचं देऊळ आहे. दुपारच्या आरतीची घंटा सुरू झाली. आमचे मालक आरतीला उघड्या डोक्याने कधी उभे राहिले नाहीत. पांढरी टोपी आधी, देव नंतर. सुयांसाठी काढलेली टोपी माझ्या मांडीवर होती. घंटा वाजली आणि माझा हात आपोआप उठला. टोपी डोक्यावर घातली. नीट बसावी म्हणून वरून थोपटलीसुद्धा.

मालक बोंबलले, "अगं ए सटाणेकरणी, सुया दिसत नाहीत का? तुझ्या माहेरी अशाच घालतात का टोप्या?"

हे नाव जगात एकच माणूस घेतो, तेही चिडल्यावर. मी म्हटलं, "परत म्हणा."

"परत काय म्हणा? टोपी काढ आधी."

डॉक्टरीण धावत आली. टोपी काढली, वाकलेल्या दोन सुया काढल्या, रक्ताचा ठिपका कापसाने दाबून धरला आणि मला चांगलंच झापलं. ती झापत होती आणि मी हसत होते. डोळ्यांतलं पाणी हसण्याचंच आहे, असं मी तिला सांगितलं. मग देवळाच्या बाजूच्या भिंतीला हात जोडले. पलीकडे मारुती होता, पण नमस्कार देवीला होता. त्याने पोचवला असेल.

सुयांनी झालं, गोळ्यांनी झालं की व्हायचंच होतं, ते डॉक्टरीणही ठामपणे सांगत नाही. मीही विचारायचं सोडलं. सगळं परत आलेलं नाही. वार अजून चुकतो, नळ उघडा राहतो, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी मी पुन्हा बाई होते. त्या दिवशी मी वाद घालत नाही. बाईच्या हातचा चहा देते, गोड.

देवीने माझं अर्धंच ऐकलं. ओळखायला लावलं, गोड बोलायला नाही. किती द्यायचं हे तिला बजावणारी मी कोण, एवढं आता कळलंय. संध्याकाळी दिवा लावताना तिच्याशी बोलते, पण यादी वाचत नाही. बहुतेक त्याच वेळी बाहेरून आवाज येतो, "सटाणेकरणी, चहात साखर संपली का तुझ्या राज्यात?" मी देवीकडे बघते, हात जोडते, आणि उठून अर्धाच चमचा टाकते.